माशांच्या टँकमध्ये गोगलगाय: सोलापूरच्या पाण्यात आणि सोलापूरच्या उन्हात

माशांच्या दुकानात गोगलगाय विकायची रीत ठरलेली आहे. "मालक, दोन टाका की. काच आरशासारखी ऱ्हाते बगा, हात लावायचं कामच नाही." मालक दोन टाकतात. पंधरा दिवसांनी काच बरीचशी हिरवीच असते आणि वाळूवर काळ्या लेंड्यांची भर पडलेली असते. गोगलगाय शेवाळ खाते हे खोटं नाही. पण खाल्लेलं बाहेर पडणारच, आणि त्या घाणीतून टँकमध्ये अमोनिया वाढणारच. तेव्हा काच साफ ठेवायची असेल तर दहा मिनिटं स्पंज मारा, ते स्वस्त पडतं. गोगलगाय आणायची ती मासा आणतो तशी, पाळायला म्हणून. तिलाही खाणं, ठरावीक पाणी आणि ठरावीक तापमान लागतं.

नवख्या सोलापूरकराच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि विरोधात एक. बाजूने आहे आपलं जड पाणी, कारण शंखाला लागणारा चुना त्यात आयता मिळतो. विरोधात आहेत एप्रिल आणि मे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसाने सांगितलेलं मार्गदर्शन इथे जसंच्या तसं चालत नाही ते या दोन कारणांनी. त्यामुळे या लेखात पाणी आणि उन्हाळा यांना जास्त जागा दिली आहे, बाकीचं थोडक्यात.

आधी पाणी बघा

शहराला पाणी उजनीहून पाइपलाइनने येतं, काही भागांना टाकळीजवळ भीमेतून उचललेलं आणि काहींना हिप्परग्याच्या एकरुख तलावातलं. बऱ्याच घरांत बोअरही असतो. आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणावरची, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर, गीझरच्या कॉइलवरचा पापुद्रा, कुकरच्या तळाचा पांढुरका डाग, हा सगळा तोच चुना. गोगलगायीचा शंखही कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. ज्या पाण्याने आपल्या नळाच्या तोट्या चोंदतात, त्यावरच तिचं घर बांधून होतं.

दुकानात पाणी तपासायच्या पट्ट्या मिळतात. त्यात दोन आकडे बघा. पीएच ७.२ ते ८.२ च्या दरम्यान असावा आणि जडपणा, म्हणजे जीएच, ८ च्या वर. पीएच ७ च्या खाली गेला की शंख हळूहळू विरघळायला लागतो. याची सुरुवात शंखाच्या टोकापासून होते, कारण तो सगळ्यात जुना भाग. आधी रंग उडतो, मग पांढरे खड्डे पडतात. पडलेला खड्डा परत भरत नाही. पाणी सुधारलं तर पुढची वाढ तेवढी चांगली होते.

म्हणून माशांना "चांगलं पाणी" द्यायच्या हौसेने आरओच्या पाण्याने टँक भरू नका. आरओ नेमकं तेच काढून टाकतो जे गोगलगायीला हवं असतं. त्या पाण्याचा एक चांगला उपयोग आहे, तो उन्हाळ्याच्या भागात सांगतो. बोअरचं पाणी फारच खारट असेल, टीडीएस मीटर हजाराच्या पुढे दाखवत असेल, तर त्यात निम्मं नळाचं पाणी मिसळा.

आता क्लोरीन. आपल्याकडे पाणी रोज सुटत नाही, काही दिवस वाट बघायची सवय सगळ्यांनाच आहे. टँकच्या दृष्टीने ही गैरसोय थोडी सोयीचीच म्हणायची. पाणी येतं त्या दिवशी क्लोरीनचा वास असतो, त्या दिवशी टँकचं पाणी बदलू नका. तोंड उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन, ज्याला जुनी मंडळी हायपो म्हणतात, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाका.

तीन प्रकारचं पाणी मात्र टँकमध्ये कधीच नको. एक, गीझरमधून आलेलं, कारण आतली तांब्याची नळी किंवा कॉइल. दोन, डासांच्या अळ्या मारण्यासाठी आरोग्य विभागाची माणसं औषध टाकून जातात त्या पिंपातलं. तीन, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून थेट आलेलं. त्याचा हाताला चटका बसतो, टँकमधल्या जिवांचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी बदलायचं ते पहाटे, घरात ठेवलेल्या पिंपातलं.

टँकची तयारी

सुरुवातीला दोन फुटी टँक पुरतो. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी बसतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाताशी राहतं पंचेचाळीसच्या आसपास. गोल बाऊलमध्ये गोगलगाय ठेवायचा विचार मनात असेल तर तो तिथेच सोडा.

फिल्टर स्पंजचा घ्या. हवेच्या पंपावर चालतो, वीज कमी खातो आणि गोगलगाय त्यात ओढली जात नाही. दुसरा कोणताही फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा. तळाला बारीक वाळू किंवा गुळगुळीत बारीक खडी. टोकदार खडीवर गोगलगायीचं अंग घासतं.

झाकण हवंच. गोगलगायी रात्री काचेवर चढतात आणि कडेची फट सापडली की बाहेर येतात. सकाळी फरशीवर सापडली आणि शंखाचं दार, म्हणजे तोंड झाकणारी कडक चकती, घट्ट मिटलेलं असेल तर ती बहुधा जिवंत असते, परत पाण्यात ठेवा. मुंग्या लागल्या असतील तर उशीर झाला. पाण्याची पातळी झाकणापासून दोन-तीन इंच खाली ठेवा. मिस्ट्री स्नेल नावाच्या जातीला (तिच्याबद्दल पुढे येईलच) वर येऊन हवा घ्यावी लागते आणि अंडीही ती पाण्याच्या वरच घालते.

टँक भरला की लगेच जीव सोडायचे नाहीत, हे मासे पाळणाऱ्यांना माहीत असतं, पण गोगलगायीच्या बाबतीत सगळे विसरतात. विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर दोन-तीन कणखर मासे, थोडं खाणं, आठवड्याला थोडं पाणी बदलणं. पाणी तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की मग गोगलगाय. तोपर्यंत काचेवर शेवाळाचा पातळ थरही धरलेला असतो, तो तिला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

यंत्रमागाच्या पट्ट्यात घर असेल तर एक सूचना. हवेतली कापसाची तूस उघड्या पाण्यावर बसते आणि पृष्ठभागावर तवंग धरते. झाकण असलं तरी दर दोन दिवसांनी कागदाचा टिश्यू पाण्यावर अलगद टेकवून ती उचलून घ्या.

कोणती गोगलगाय घ्यायची

माझ्या मते पहिली गोगलगाय मिस्ट्री स्नेलच असावी. शास्त्रीय नाव पोमासिया डिफ्यूसा, मूळची दक्षिण अमेरिकेची. पिवळी, निळसर, हस्तिदंती अशा रंगांत मिळते आणि लिंबाएवढी वाढते. पसारा आवाक्यात राहतो, कारण तिच्यात नर आणि मादी वेगळे असतात आणि अंडी डोळ्यांना दिसतील अशी पाण्याच्या वर असतात. शिवाय ती बघायला मजेची आहे. ही गोगलगाय कल्ल्यांनी पाण्यातही श्वास घेते आणि फुप्फुसाने हवेतही. हवा घ्यायची झाली की काचेवरून वर सरकते, पण अंग बाहेर काढत नाही. मानेच्या डाव्या बाजूने एक नळी लांबवते, तिचं टोक पाण्याच्या वर टेकवते आणि मग सगळं अंग मागेपुढे करत हवा आत ओढते. पोट भरलं की नळी मिटते, आणि बऱ्याचदा चालत खाली येण्याऐवजी काच सोडून सरळ तळाशी पडते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मेली असंच वाटतं.

घेताना एक काळजी घ्या. "ॲपल स्नेल" या एकाच नावाखाली तिची मोठी बहीण पोमासिया कॅनालिक्युलाटाही विकली जाते. ती टँकमधली झाडं फस्त करते. आग्नेय आशियात भातशेतीची कीड म्हणून ती कुप्रसिद्ध आहे. ओळख अशी: तिच्या शंखाच्या वेटोळ्यांमध्ये खोल खाच असते आणि अंडी भडक गुलाबी असतात. मिस्ट्री स्नेलच्या वेटोळ्यांचा खांदा सपाट असतो आणि अंड्यांचा घोस फिकट गुलाबी ते बदामी रंगाचा.

शेवाळ खाण्यात खरी पटाईत नेराइट. तिच्यावर पट्टे आणि ठिपके फार देखणे असतात. गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत, कारण अळ्यांना खारं पाणी लागतं, त्यामुळे संख्या वाढायची भीती नाही. पण ती लाकडावर आणि दगडांवर पांढरे ठिपके चिकटवून ठेवते. ती रिकामी राहणारी अंडी नखानेही निघत नाहीत. ज्याला हे खुपतं त्याने नेराइट घेऊ नये. नव्या, चकचकीत टँकमध्ये ती उपाशी मरते, म्हणून टँक दोन-तीन महिने जुना झाल्यावर आणा. तळाला उलटी पडलेली दिसली तर सरळ करा, काहींना स्वतःहून सुलटं होता येत नाही.

रॅम्सहॉर्न, चपट्या वेटोळ्याची, आणि ट्रंपेट, लांब टोकदार शंखाची, या दोघी बऱ्याचदा विकत न घेताच येतात. पाणवनस्पतींच्या मुळांत लपून. रॅम्सहॉर्न उभयलिंगी असते आणि जेलीसारखी अंडी पानांखाली चिकटवते. ट्रंपेट थेट पिल्लं घालते आणि दिवसा वाळूत पुरून घेते, त्यामुळे ती आहे हे कळायलाच महिना जातो. दोघी वाईट नाहीत. वाळू उकरून हलती ठेवायचं ट्रंपेटचं काम तर मोलाचं आहे. मात्र त्या हव्यात की नकोत हे आणण्याआधी ठरवा, नंतर ठरवण्यासारखं फारसं उरत नाही.

असॅसिन स्नेल दुसऱ्या गोगलगायी खाते. मिस्ट्री स्नेलसोबत तिला ठेवू नका.

तलावातून, ओढ्यातून किंवा शेततळ्यातून गोगलगाय उचलून आणायचा मोह आवरा. आपल्याकडची पिला नावाची मोठी गोगलगाय दिसायला छान असते, पण झाडं खाते. खरी अडचण वेगळी आहे. गोड्या पाण्यातल्या कित्येक गोगलगायी गुरांच्या आणि माणसांच्या पर्णकृमींना, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी कृमींना, वाढायला जागा देतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५०च्या दशकात माणसांत शिस्टोसोमा या अशाच एका कृमीची लागण आढळली, तिच्या मागेही ओढ्यातली एक इवलीशी गोगलगाय होती. पिढ्यान्पिढ्या टँकमध्येच वाढलेल्या गोगलगायीत हा धोका नाही म्हटलं तरी चालेल, पण टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवायची सवय सगळ्यांनीच ठेवावी, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

किती घ्यायच्या? दोन फुटी टँकला दोन मिस्ट्री. नेराइट असतील तर तीन. सोबत आठ-दहा छोटे मासे.

सोबतीला कोणते मासे

इथे जड पाणी पुन्हा आपल्या बाजूने आहे. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या माशांना जड, थोडं अल्कलीकडे झुकलेलं पाणीच मानवतं, म्हणजे त्यांची आणि गोगलगायीची आवड एकच. नवख्याने प्लॅटी घ्यावेत, असं मी सांगेन. गप्पी कधी कधी गोगलगायीच्या मिशांना टोचे मारतात. एक-दोनदा मारून सोडून देत असतील तर ठीक, सारखेच मारत असतील तर ती बाहेर येईनाशी होते आणि उपाशी राहते. झेब्रा डॅनियो आणि तळाशी फिरणारे कोरी हेही बरे.

लोच मासे गोगलगायी खातात, त्यांचं अन्नच ते. पफरचंही तसंच. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट यांच्यासोबत गोगलगाय म्हणजे एका वेळचं जेवण. टायगर बार्ब मिशा कुरतडतात. गोल्डफिशबद्दल लोक वाद घालतात. मोठी मिस्ट्री त्यांच्यात टिकते, छोटी टिकत नाही. पण गोल्डफिशची घाण आणि गोगलगायीची घाण दोन फुटी टँकला झेपत नाही, त्यामुळे त्या वादात पडायची गरजच नाही. फायटर माशाचं मात्र एकेकाच्या स्वभावावर आहे. टाकून बघा, पहिला आठवडा लक्ष ठेवा आणि दुसरी जागा तयार ठेवा.

घरी आणताना

दुकानात काचेला चिकटलेली, चालणारी, मिशा लांब काढलेली गोगलगाय निवडा. तळाला पडलेली घेऊ नका. शंखाच्या टोकाला खड्डे नकोत, कडेचा नवा भाग तुटलेला नको. दुकानदार काचेवरून ओढून काढत असेल तर थांबवा. आधी हळूच बाजूला सरकवून मग उचलायला सांगा, नाहीतर आतून शंखाला धरून ठेवणारा स्नायू फाटतो.

घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा म्हणजे तापमान सारखं होईल. मग गोगलगाय पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात काढा. हवेच्या पातळ नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब त्या भांड्यात सोडा. तासाभरात भांड्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं की गोगलगाय उचलून टँकमध्ये ठेवा. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नका.

जमलं तर दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवून मगच मुख्य टँकमध्ये. पहिले एक-दोन दिवस ती दार मिटून पडून राहील. घाबरू नका. तीन दिवस झाले तरी हालचाल नसेल तर उचलून वास घ्या. मेलेली गोगलगाय इतकी घाण वास मारते की शंकेला जागा राहत नाही. दार उघडं पडलं असेल, अंग ढिलं लोंबत असेल आणि वास असेल तर ताबडतोब काढा. एक मोठी गोगलगाय टँकमध्ये दिवसभर कुजली तर अमोनियाने मासेही जातात.

खाणं

माशांचं उरलेलं खाऊन गोगलगाय जगते, असं सगळे म्हणतात. जगते, पण पोसली जात नाही. मिस्ट्रीला आठवड्यातून तीन-चारदा वेगळं खाणं द्या. काकडीची सोललेली चकती, दोडका, दुधी, गाजर. काकडी कच्ची चालते, बाकीचं दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून मऊ करा. मीठ नको, हळद नको. बाजारातल्या भाजीवर फवारणी झालेली असते, म्हणून साल काढाच. चकतीत स्टीलचा चमचा खोचला की ती तळाला राहते. दिवे बंद केल्यावर द्या, नाहीतर मासे आधी ताव मारतात. उरलेलं सकाळी काढून टाका. उन्हाळ्यात तर विसरूच नका, आपल्याकडच्या उष्म्यात काकडी रात्रीत बुळबुळीत होते. भाजी नको असेल तेव्हा शेवाळाच्या तयार वड्या मिळतात, दोन गोगलगायींना अर्धी वडी बास.

पाणी जड असलं तरी वाढत्या गोगलगायीला वरचा चुना दिलेला बरा. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तोच. अंगठ्याएवढा तुकडा मऊ बाजू वर करून टँकमध्ये टाका. आधी तरंगेल, दोन दिवसांत तळाला बसेल. अंड्याची टरफलं उकळून, आतला पापुद्रा काढून टाकली तरी चालतात. पण पानाला लावायचा चुना कधीही टाकू नका. "कॅल्शियमच तर आहे" असं म्हणून लोक टाकतात. तो चुना वेगळा. तो विरघळला की पीएच एकदम चढतो आणि मासे, गोगलगायी सगळंच संपतं.

उन्हाळा

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद खोलीतल्या टँकचं पाणी सहज ३२-३३ अंशांवर जातं. मिस्ट्री स्नेलला २० ते २८ अंश मानवतात. गरम पाण्यात ती जास्त खाते, लवकर वाढते आणि लवकर मरते. थंड पाण्यात दोन वर्षं काढणारी गोगलगाय सतत तिशीच्या वर ठेवली तर जेमतेम वर्ष काढते.

खरा घात होतो तो प्राणवायूने. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. फरक थोडा वाटतो, पण त्याच वेळी गरम पाण्यात माशांना, गोगलगायींना आणि जिवाणूंना, सगळ्यांनाच प्राणवायू जास्त लागतो. मासे पृष्ठभागाशी तोंड आ करत असतील आणि गोगलगायी दिवसा पाण्याच्या कडेला गोळा झाल्या असतील, तर पाणी दम देत नाहीये असं समजा.

उपाय स्वस्त आहेत. टँक पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. दिवा दिवसाला सहा तासांच्या वर नको. काचेचं झाकण काढून त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, कडा क्लिपांनी पक्क्या करा, म्हणजे वाफ जाईल आणि गोगलगाय जाणार नाही. मग एक छोटा टेबलफॅन तिरका करून पाण्यावर वारा मारा. माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वावर टँक दोन-तीन अंशांनी उतरतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे ही युक्ती इथे चांगली लागू पडते. मुंबईच्या दमट हवेत ती एवढी चालत नाही.

वाफ झालेलं पाणी भरायचं कशाने? इथे आरओ कामाला येतो. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज इंचभर वाफ आणि रोज नळाचंच जड पाणी वरून, असं केलं तर महिन्याभरात टँक खारट होतो. म्हणून वाफेची भरपाई आरओच्या पाण्याने करा. आठवड्याचं नेहमीचं पाणी बदलणं मात्र साठवलेल्या नळाच्या पाण्यानेच. आठवड्याला पाव टँक पुरे.

फार तापलं तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली गोठवून, बंदच ठेवून, टँकमध्ये तरंगवा. बर्फ थेट टाकू नका. तासाभरात दोन अंशांपेक्षा जास्त उतरवू नका, अचानक बदल उकाड्यापेक्षा वाईट. दुपारी वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असावा. ती सोय नसेल तर मगने पाणी वरून ओतत राहा, घरातल्या पोरांना ते काम आवडतं. आणि मे महिन्यात खाणं निम्म्यावर आणा.

औषध, फवारे आणि तांबं

गोगलगायीला मारणारी सगळ्यात हमखास गोष्ट तांबं. माशांच्या पांढऱ्या डागांवरच्या आणि परजीवींवरच्या कित्येक औषधांत कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद, असतं. माशाला बरं करणारी मात्रा गोगलगायीला पुरते, कायमची. म्हणून मासा आजारी पडला की त्याला बादलीत काढा, तिथेच औषध द्या, आणि मुख्य टँकमध्ये काहीही ओतू नका. सगळा टँकच लागणीत आला असेल तर उलट करा, गोगलगायी वेगळ्या टँकमध्ये हलवा. माशांशिवाय दोन आठवडे तिथे राहिल्या की शंखावर चिकटून आलेली लागणही मरते. पण मूळ टँकमध्ये तांब्याचं औषध घातलं असेल तर त्यांना तिकडे परत नेऊ नका. तांबं खडीत आणि काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यात मुरून राहतं आणि नंतर हळूहळू सुटतं. जुना टँक विकत घेताना आधीच्या मालकाला कोणती औषधं वापरली हे विचारायचं तेही याचसाठी. खडं मीठ टाकायचा जुना उपायही गोगलगायीला सोसत नाही.

ज्यांच्या घरी द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग आहे त्यांनी जरा जास्त सांभाळावं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुनाच. फवारणी करून आलेले हात, ती बादली, बागेजवळच्या शेततळ्याचं पाणी, यातलं काहीही टँकजवळ नको. घरात डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारायचा असेल तर टँक ओल्या चादरीने झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर तो खोलीतला फवारा ओढून पाण्यात सोडतो.

संख्या वाढली तर

दिसायला गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण रॅम्सहॉर्नला पुरेपूर लागू आहे. चार दिसल्या म्हणेस्तोवर चाळीस होतात. लोक दुकानात जाऊन गोगलगाय मारायचं औषध मागतात. ते टाकलं की शेकडो गोगलगायी एका रात्रीत वाळूत मरतात, कुजतात आणि पाणी नासतं. मग मासेही जातात आणि मिस्ट्रीही.

त्या वाढतात त्या तुमच्या चिमटीमुळे. जेवढं खाणं उरतं तेवढ्या गोगलगायी पोसल्या जातात, हा सरळ हिशोब आहे. माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. रात्री काकडीची चकती ठेवा आणि सकाळी तिच्यावर गोळा झालेल्या गोगलगायींसकट ती उचला. असं आठवडाभर केलं की फरक दिसतो. पानांखालची जेलीची अंडी दिसतील तशी पुसा. मिस्ट्रीच्या अंड्यांचा घोस झाकणाखाली दिसला आणि पिल्लं नको असतील तर तो ओला करून हळूच सुटा करा, पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. एका घोसात शंभरावर पिल्लं निघू शकतात आणि ती दोन ते चार आठवड्यांत बाहेर येतात, तेव्हा झाकण दर रविवारी उलटून बघत चला.

नवीन झाडं आणाल तेव्हा तुरटी कामाला येते. चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटीची पूड विरघळवा, झाडं दोन-तीन तास बुडवा आणि वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. लपलेल्या गोगलगायी मरतात. अंडी चिवट असतात, ती हाताने शोधावी लागतात. हे सगळं बादलीत, टँकमध्ये तुरटी टाकायची नाही.

जास्तीच्या गोगलगायी सिद्धेश्वर तलावात, संभाजी तलावात, नाल्यात किंवा विहिरीत सोडू नका. "पुण्य लागेल" म्हणून सोडणारे भेटतात. मूळचा आफ्रिकेतला चिलापी आज उजनीचाच मासा म्हणून ताटात येतो. बाहेरून आलेला जीव आपल्या पाण्यात किती पसरतो हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. ओळखीत कुणाकडे लोच किंवा पफर असतील तर त्यांना डबाभर द्या, ते आनंदाने नेतात. दुकानदारही मोठ्या झालेल्या मिस्ट्री परत घेतात, बदल्यात थोडं खाणं मागून घ्या. आणि टँकमधून काढलेलं जुनं पाणी कुंड्यांना घाला. पण त्याआधी ते गाळणीतून ओता, कारण तळाच्या गाळात मूठभर ट्रंपेट हमखास निघतात.